जर-वही

टिमकीतल्या आमच्या शेडमध्ये, त्या वर्षी,
चारशे बारा कूलर प्लास्टिक पांघरून उभे होते
वरात न आलेल्या मांडवातल्या खुर्च्यांसारखे.
एप्रिल आला, आला तसा गेला. शटर उघडलं नाही.
शेचाळीस अंश नुसते पत्र्यावर तापून राहिले.

त्यानंतर मी ही वही घातली.
लाल कापडी पाठीची, इतवारीतून आणलेली,
खरं तर खतावणीची.
जमेच्या बाजूला लिहिते 'जर',
नावेच्या बाजूला 'तर'.

जर नाल्याचं पाणी आत आलं
तर मोटारी माळ्यावर, तांब्याची रिळं त्याच्याही वर,
कागदांच्या झेरॉक्स नणंदेकडे, वर्ध्याला.
जर आग, तर वाळूच्या चार बादल्या,
आणि त्यांत खर्रा थुंकणाऱ्याला पन्नास रुपये दंड.
जर तांबं वधारलं. जर बँकेतला साहेब बदलला.
जर रायपूरच्या व्यापाऱ्यानं पैसे अडकवले
तर तीन महिन्यांचे पगार वेगळ्या खात्यात,
ज्याचं पासबुक मी नवऱ्यालाही दाखवत नाही.

दादाराव मिस्त्री हसायचे.
"काऊन लिहून राह्यल्या बाई एवढं?
येनारं काय पत्ता इचारून येते?"
आणि पुन्हा वाइंडिंगवर वाकायचे.
चाळीस वर्षं तोच माणूस, तेच स्टूल.
वीस फेरे झाले की टेबलावर एक टिचकी.
कोणत्या मोटारीला किती टिचक्या
हे कुठे लिहिलेलं नव्हतं.
विचारलं तर म्हणायचे, "हाताले ठावूक हाये."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी
हाताला काहीच ठाऊक राहिलं नाही.
उजवी बाजू गेली. बोलणंही.
मेडिकलच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसून
मी वही चाळली.
पुराचं पान होतं. चोरीचं होतं.
टोळधाडीचंसुद्धा होतं, रागाच्या भरात लिहिलेलं.
दादारावांचं नव्हतं.

फेब्रुवारीत दोनशेची ऑर्डर.
बाहेरचे तीन वाइंडर येऊन गेले,
अकरा मोटारी जळाल्या,
तो वास केसांतून जाईना.

मग इरशाद, सतरा वर्षांचा, चहाचे ग्लास विसळणारा,
ग्लासांकडेच बघत म्हणाला,
"बाई, मोठ्या एक्झॉस्टले चौतीस ठोके. छोट्याले बावीस.
मी मोजत होतो. असाच. टाइमपास."

गुंडाळी घेऊन आम्ही मिस्त्रींच्या घरी गेलो.
इरशाद खाटेशी उकिडवा बसला,
तार भरत, खाटेच्या लोखंडावर वाजवत.
चौतिसाव्याला थांबला.
मिस्त्रींनी डाव्या हाताचं बोट उचललं
आणि आणखी एक ठोका दिला.

आता भिंतीवर तक्ता आहे, ऑइल पेंटचा.
इरशाद त्या स्टुलावर बसतो,
पण त्यावरची उशी काढून बाजूला ठेवतो.

काल रात्री नवीन पान घेतलं.
लिहिलं: जर मी
पुढे पेन चालेना, म्हणून आधी दुसरी बाजू भरली.
किल्ल्या कुठे. कोणाची उधारी सोडायची, कोणाची नाही.
तिसऱ्या शटरला डावीकडून लाथ मारावी लागते.
वेगळ्या खात्याचा नंबर.

इरशादनं विचारलं, "बाई, लाइट बंद करू?"
"थांब," म्हटलं. "इकडे ये.
हे मोठ्यानं वाच.
माझं अक्षर लागतं का, सांग."