सात शिलिंगांचं ठिगळ

शुक्रवारी म्हापशाला बाजार भरतो
आणि माझ्या दुकानात कुणी नसतं.
लोक आता साच्यातले मणी घेतात,
तयार, पेटीबंद, सगळे एकमेकांचे सख्खे.
अशाच एका शुक्रवारी मयड्याहून आवेर्तान लोबो आला,
केळ्यांच्या खोक्यात विमान घेऊन.

एकावर एक पंख, दीड वीत रुंद.
पांगाऱ्याचं अंग, बांबूच्या बरगड्या,
त्यांवर पतंगाचा कागद
आणि कागदावर रुपेरी रंगाचे सात हात.
"एकास चोवीस," तो म्हणाला,
"खोट काढून दाखव, शेटी."
मी भिंग लावलं.
वैमानिकाच्या पट्ट्याला बक्कलसुद्धा होतं,
तिळाहून लहान.

"तारा तेवढ्या राहिल्या,"
असं म्हणून त्याने दोन्ही हात काउंटरवर ठेवले.
काचेखालच्या कुड्या किणकिणू लागल्या.
मला कळलं.

कान सोनारानेच टोचावे, म्हणतात.
पंखांबद्दल कुणी काही म्हणून ठेवलेलं नाही.
श्वास आवरून मी भोकं पाडली, चव्वेचाळीस.
चांदी जंतरातून ओढली,
मोठ्या भोकातून लहानात,
लहानातून त्याहून लहानात,
घोड्याच्या केसाएवढी होईतो.

तो स्टुलावर बसून सांगत होता:
काही तारा उडताना राबतात,
पंख वर निसटू बघतात, त्यांना खाली धरतात.
काही नुसतं उभं असताना,
पंख खाली लोंबू बघतात, त्यांना वर धरतात.
एकीवर भार, तेव्हा दुसरीला उसंत.
"मग सगळ्या सारख्याच ताणू?" मी विचारलं,
"हे कुठे उडणार आहे?"
"उडचें ना," तो म्हणाला,
"पूण तें ताका कित्याक सांगप?"

शेवटची गाठ मारली, चिमटा खाली ठेवला.
तेव्हा त्याने खिशातून पेन्सिल काढली
आणि डाव्या खालच्या पंखावर एक टिंब केलं, वाकडं.
"हांगा एक ठिगळ जाय."

किसुमूला त्याचा बाप कारकून होता.
तळ्याकाठच्या माळावर रविवारी हे विमान उतरलं,
आठ वर्षांचा आवेर्तान पंखावर चढला.
पाय ठेवायला काळी पट्टी होती,
त्याचा पाय पट्टीबाहेर.
मांजरपाट फाटतो तसा आवाज.
वैमानिक हसला. कचेरी हसली नाही.
बापाच्या पगारातून सात शिलिंग गेले,
दोन रविवार घरात मटण शिजलं नाही,
आणि पाय अवघडून बसलेल्या पोराला
पाय काही म्हणजे काहीच बोलला नाही.
(पाय म्हणजे बाप, त्यांच्यात. मलाही तिथे ठेच लागली.)

मग वर्षभर ते घरावरून जायचं,
खालून ठिगळ दिसायचं, वेगळ्या रंगाचं.
बाप कपाळावर हात धरून बघायचा,
ते बारीक होईपर्यंत.

तळहाताएवढं ठिगळ, भागिले चोवीस:
मसुराची डाळ.
रुपेरी नको, म्हणाला. लाल? नको. पिवळं?
शेवटी खणातून मी तो गुलाबी कागद काढला,
ज्यात आम्ही दागिना गुंडाळून देतो.
चौकोन कापला, डिंक लावला,
पंखाच्या खालच्या अंगाने चिकटवला.

त्याने भिंग मागितलं.
बराच वेळ कुड्या वाजत राहिल्या.

सवयीने मी विमान काट्यावर ठेवलं,
एकशे अकरा ग्रॅम, चांदीसकट.
मजुरी पुरी घेतली.
फुकट केलं असतं तर तो पुन्हा आला नसता.

मयड्याच्या बसमध्ये त्याने दोन तिकिटं काढली,
कंडक्टर पुढल्या शुक्रवारी सांगत होता.
खिडकीकडची जागा खोक्याला.