बैलाला मोजे

सकाळी साडेआठला करुणा मेयोतून येते,
चपला दाराबाहेर, रिकामा डबा ओट्यावर,
अंगाला दवाखान्याचा वास.
दोन्ही पोट्ट्यांच्या डोक्यावरून एकेकदा हात फिरवते
आणि आतल्या खोलीत जाऊन पडते.
तिथून साडेतीनपर्यंत
घरात आवाजाला बंदी.

म्हणजे तसं ठरलंय.

सम्यक साडेपाचचा, विशाखा तीनची.
तीन वर्षांच्या माणसाला कुजबुजता येत नाही
हे मला प्रेस बंद पडल्यावर, घरी बसल्यावर कळलं.
ती कानाशी येते, हाताचा आडोसा करते
आणि अख्ख्या इंदोऱ्याला ऐकू जाईल असं विचारते,
"बाबा, आई झोपून राहिली का?"
"चूप बे!" सम्यक त्याहून मोठ्यानं,
"आई झोपली ना!"

बाहेर शेहेचाळीस.
खिडकीतला लोखंडी कूलर तेवढा आमच्या बाजूचा.
त्याच्या घरघरीखाली पडलेली वाटी खपते,
शिंक खपते, अर्धं भांडण खपतं.
त्याला दर दोन तासांनी सहा बादल्या पाणी लागतं.
विशाखा बाटलीच्या बुचानं भरते,
दहा-बारा बुचं झाली की कंबरेवर हात ठेवून सांगते,
"झाला भरून."
मग दोघं पंख्यापुढे बसून आ करतात.
मनातल्या मनात.
तसाच नियम आहे.

काल दूध सांडलं तेव्हा मी सम्यकला रागावलो,
अगदी हळू, दात आवळून.
हळू आवाजातला राग जास्त लागतो,
त्याच्या चेहऱ्यावर दिसलं ते.
पुसायचं फडकं त्यानंच आणून दिलं.

तान्ह्या पोळ्याला अजून तीन-साडेतीन महिने,
पण विशाखाला लाकडी बैल रोज पाहिजे.
एक चाक वाकडं आहे त्याचं,
फरशीवर खर्रर्र, खर्रर्र, थेट आतल्या खोलीपर्यंत.
म्हणून मी तो आलमारीवर ठेवून दिला होता.
आज ती आलमारीखाली उभी राहून रडली.
तोंड उघडं, गाल ओले,
आवाज काहीच नाही.
हे तिला कोणी शिकवलं?
मीच शिकवलं, दुसरं कोण.

खाली काढला बैल.
सम्यकनं थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं
आणि दोरीवरून मोजे ओढून आणले.
चार चाकांना चार,
दोन आईचे ड्युटीचे पांढरे, दोन त्याच्या शाळेचे.
बैल निघाला.
सोफ्याला वळसा, मोरीपर्यंत, परत,
ढगातून चालल्यासारखा.

एक वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली.

कूलर थांबला आणि एकदम
सगळंच ऐकू यायला लागलं.
मेश्रामांच्या कुकरची शिट्टी,
कूलरच्या गवतातून ठिबकणारं पाणी,
माझं गिळणं.
दोघं होते तिथेच थिजले,
ती दोरी धरून, तो एका पायावर.
पाच मिनिटं. खरंच, पाच मिनिटं.
मी इतका खूश होतो दोघांवर!

आणि दार उघडलं.
विस्कटलेले केस, उशीची घडी गालावर, घाबरलेली करुणा.
"काय झालं? एवढं चूप काहून आहे?"

मग तिला बैल दिसला.
मोजे दिसले.
भिंतीला टेकून ती खालीच बसली
आणि हसता हसता तिथेच, थंड फरशीवर,
पुन्हा झोपली.
लाइट कधी आली कोणाला आठवत नाही.

संध्याकाळी ड्युटीला निघताना ती मोजे मागायला गेली
तर विशाखानं बैलाला ओढणी पांघरलेली.
आईच्या कानाशी गेली, हाताचा आडोसा केला,
आणि मला दोन पावलांवरूनही ऐकू आलं नाही.

"काय म्हणाली?" मी विचारलं.
"बैल झोपून राहिला म्हणे."

माझे तपकिरी मोजे घालून करुणा मेयोला गेली.
टाचेला भोक होतं.