आठाच्या आत

आगशीच्या मळ्यात पिएदादबाय
उन्हं जुवारीवर उतरायच्या आधी
सापळ्यातले पतंग मोजते.
पिवळं टोपलं, साबणाचं पाणी,
वर टांगलेली रबराची इवलीशी गोळी,
तिला मादीचा वास.
रात्रभर नर येतात,
भेट कुणाचीच होत नाही.

"फसवणूक ती फसवणूकच," म्हणते, आणि मोजते :
पाच.
पाद्रीला सांगायचं की नाही
हे अजून ठरलेलं नाही तिचं.

मी कृषी कार्यालयाचा माणूस.
वहीत पाच लिहितो.
आठाच्या वर गेले तरच फवारणीचं बघू,
हे मीच शिकवलेलं.
ती वाकते,
मान टाकलेला शेंडा बोटभर खालून खुडते,
नखाने उभा चिरते :
आत गुलाबी अळी,
झोपमोड झाल्यासारखी.

पानामागे टाचलेलं कार्ड.
त्यातून निघतील गांधीलमाशीची लांबची भाचरं,
टिंबाहून लहान,
अळीच्या अंड्यात आपलं अंडं घालणारी.
"दिसत नाहीत ती कामाला येतात,"
पिएदादबाय चष्मा पुसते, "आमच्यात संत असतात तशी."

भोक पडलेली वांगी बाजारात जात नाहीत.
किडकं कापून
सुक्या सुंगटांबरोबर ती घरीच शिजतात.

काल नऊ होते.
तिने एक चिमटीत उचलला,
भिजल्या पंखांवर फुंकर घातली,
नीट निरखला.
"हा आमचा नव्हे. बस्त्यांवच्या मळ्यातला.
लिही आठ."

लिहिले.
पेन्सिलने.