दाढेचा अहवाल

मांजरेच्या दरडीत वाळू काढताना
इलाही पिंजाऱ्याच्या फावड्याला दाढ लागली,
पाट्याएवढी.
त्यानं ती लुंगीनं पुसली,
थुंकी लावून रेघा मोजल्या,
आठवडाभर ट्रॅक्टरच्या सीटखाली ठेवली.

हैदराबादेत तिला बारीक भोक पाडलं.
चिमूटभर भुकटी.

तिकडं सायबेरियात, बर्फात,
मॅमथांची सोयरीक अजून वाचता येते.
इथं बेचाळीस-त्रेचाळीसचे उन्हाळे,
हजारो, ओळीनं.
हत्तीचं एक अक्षर उरलं नाही.

अहवालात एवढंच:
सापडलेला डीएनए मानवी, पुरुषाचा, अलीकडचा.

इलाहीनं दोनदा वाचून घेतलं.
म्हंजे आत मीच निघालो?
कुणी हसलं नाही.

मग रांजणाकडं जाऊन
त्यानं कोपरापर्यंत हात धुतले
आणि म्हणाला,
आता द्या इकडं दाढ.