ओळंबा

शेल गॅपचं चर्च
चार इंच पुढे कललंय.
माझा ओळंबा तसं सांगतो, आणि ओळंब्याला
कुणाचं मन राखता येत नाही.

पेन्सिल्व्हेनियातली ही टेकडी आतून पोकळ आहे.
सत्तर वर्षं कोळसा काढला,
मग जाता जाता कंपनीने
छत तोलून धरणारे कोळशाचे खांबसुद्धा
खरवडून नेले.
वर उरलं गवत, कब्रस्तान,
आणि चेस्टनटच्या ओंडक्यांचं हे चर्च,
कांद्यासारख्या तीन घुमटांचं,
एकही खिळा न वापरता बांधलेलं,
असं दारातलं माहितीपत्रक म्हणतं.
(मला सत्तावीस सापडले.)

ऑगस्टात इथे यात्रा भरते.
क्लीव्हलँडहून, जर्सीहून बसगाड्या येतात.
डोक्याला रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या
उंबऱ्यापाशी खाली बसतात
आणि वेदीपर्यंत गुडघ्यांवर जातात.
फळ्यांना त्याने दोन पन्हळी पडल्यात, शेजारी शेजारी.
मी पट्टी धरली: सगळ्यात खोल, तिथे अकरा मिलिमीटर.
अहवालात लिहिलं, झीज.
रकाना अरुंद होता.

किल्ली पाराश्का हृनचाककडे असते.
वय एक्याऐंशी, पायात जावयाचे बूट.
दिवसभर माझ्या मागे मागे फिरली,
हातात काठी. मला वाटलं, आधाराची.

पूर्वेच्या जोत्यावरच्या तुळईला
मी ओल मोजायचं यंत्र टोचलं.
हिरवा दिवा लागला.
"थांब पोरी," ती म्हणाली,
आणि काठीने तुळई ठोकत निघाली,
कान तिरका, डोळे मिटलेले:
टण्.
टण्.
टण्.
भद्.
"इथे."

मी आजवर फणस सोडून
काही असं ठोकून ऐकलं नव्हतं.
पटाशी लावली. वरची कातडी शाबूत,
आणि आत दोन बोटं सहज गेली
चहाच्या चोथ्यासारख्या ओल्या भुशात.

तिचे वडील खाणीत टेकू द्यायचे.
पाळी सुरू होण्याआधी याच काठीने
छत ठोकून बघायचे.
वाजलं तर काम,
नाही वाजलं तर डबा तिथेच टाकून पळ.
घरी जेवायला बसतानाही
आधी टेबल ठोकायचे, ती म्हणाली,
आई चिडायची.

त्यांच्याआधीच्या टेकूवाल्यांनी, रविवारी रविवारी,
हे चर्च उभं केलं.
वाकून पाहिलं तर कळतं:
कुसू, खाच, पाचर, सगळं खाणीतलंच.
खाली डोंगर तोलायचा तसंच
वर आभाळ तोललंय.
दुसरं काही त्यांना शिकवलं नव्हतं कुणी.

"सरळ कराल?"
मी म्हटलं, जॅक लावून दोन इंच येईल.
त्याहून जास्त उचललं तर दारं अडकतील,
खिडक्यांच्या काचा जातील.
तुळई बदलावी लागेल. ओकची घालू.
चेस्टनटची झाडं आता उरली नाहीत,
कसल्याशा रोगाने साऱ्या डोंगरांवरची गेली.

तिने ओक हा शब्द
दोनदा तोंडात घोळवला,
नव्या सुनेचं नाव घोळवावं तसा.
मग म्हणाली, "कुजलेली फेकू नका.
आमच्याकडे थंडी खूप असते."
मला वाटलं होतं, जपून ठेवा म्हणेल.

रात्री मोटेलात अहवाल लिहिला.
कल: चार इंच, पूर्वेकडे.
तपासणीची साधने: ओळंबा, आर्द्रतामापक,
काठी, हिकरीच्या लाकडाची, एक.
वरिष्ठ हे खोडतील बहुतेक.

मग कागदी खोक्यातला भात उघडला,
आणि खोलीत कुणी नव्हतं म्हणून
बोटाच्या पेराने टेबल ठोकलं.

प्लायवुड.
त्याला काही सांगायचं नव्हतं.
तरी थोडं थांबले,
मग जेवले.