हातात किती येतात

ऊर्वीला खराडीच्या कंपनीचं पत्र आलं
आणि सासवडच्या आतेसासूबाईंपासून
वरच्या मजल्यावरच्या खांबेटेकाकूंपर्यंत
सगळ्यांनी एकच विचारलं,
हातात किती येतात?

हातात.
मी सत्तावीस वर्षं भोसरीत
एका ओतकामाच्या कारखान्यात पगारपत्रकं केली.
पट्टी धरून, लाल शाईनं.
हातात येणाऱ्या आकड्याचा रकाना शेवटचा,
लोक थेट तिथंच बघायचे,
मधले अकरा रकाने माझ्याशिवाय कुणी वाचले नसतील.

मध्ये काय काय होतं.
भट्टीखात्याला माणशी महिन्याला एक किलो गूळ,
घशात धूळ बसते म्हणून.
पोपट गव्हाणे तो कधी खायचा नाही, घरी न्यायचा,
त्याच्या पोरी होळीला कंपनीची पोळी खायच्या.
खोकायचा मात्र शेवटपर्यंत.
साबणाच्या दोन वड्या. बुटांचा जोड.
कँटीनचं चार रुपयांचं कुपन,
बुधवारी शिरा, कारण गुरुवारी सुट्टी.

ऊर्वी, तू झालीस तेव्हा
मी चौऱ्याऐंशी दिवस घरी होते
आणि पगार येत होता.
तुझी पहिली झोप पगारी होती, बाई.
तुझं रडणंसुद्धा.

फंडाचे कापायचे तेव्हा मीच कुरकुर करायची,
स्वतःच्याच पेननं स्वतःचे पैसे कमी करताना.
मोशीच्या या घरातलं स्वयंपाकघर
त्या कापलेल्या पैशांचं आहे.
ओटा, खिडकी, आणि ती गळकी तोटी धरून.

तुझे बाबा मोहननगरच्या ई.एस.आय. मध्ये
एकोणीस दिवस होते.
भिंतीला पोपडे, नर्स चिडकी, गाद्या विचारू नकोस.
घरी सोडताना कागद दिला,
भरायची रक्कम: शून्य.
मी तो कागद रिक्षात तीनदा वाचला.

आणि नागनाथ.
त्याच भट्टीवर, तेच काम, पण ठेकेदाराचा.
हातात त्याच्या पोपटपेक्षा जास्त यायचे,
कापायला काही नव्हतंच ना.
शनिवारी नोटा मोजताना हसायचा,
म्हणायचा, मॅडम, तुमच्या पर्मनंटपेक्षा आपण बरे.
जेवायचा मात्र गेटाबाहेर, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली,
कुपन नव्हतं.
गूळही नव्हता. धूळ तीच.

एकदा त्याच्या पायावर रस सांडला.
बारा दिवस आला नाही.
ठेकेदाराची हजेरी तपासायला माझ्याकडे यायची,
त्या बारा चौकोनांत मी बारा शून्यं तपासली,
बरोबर आहे म्हणून खाली सही केली.
कायद्यात त्याच्यासाठीही सगळं होतं.
कायद्यात.

त्या दोन शून्यांचं काय करायचं
ते मला अजून कळलेलं नाही.

तर आता तुझं पत्र.
मी जुनी पट्टी काढली, चष्मा लावला.
मूळ पगार इतका बारीक का?
ग्रॅच्युइटी आत्ताच मोजून ठेवलीय,
पाच वर्षांच्या आत सोडलीस तर?
रात्रपाळीला गाडी दारापर्यंत, की खराडी बायपासला उतरवणार?
फुकट कॉफीला अर्धं पान दिलंय,
आजारपणाच्या रजेला एक ओळ.
तू म्हणालीस, आई, तू ना, ऑडिट करतेस.
करते.

मग शेवटच्या पानावर विम्याचा तक्ता आला.
अवलंबून असलेल्या व्यक्ती.
तू न विचारता माझं नाव लिहिलंस,
जन्मतारीख चुकवलीस, मी दुरुस्त केली.
सत्तावीस वर्षं मी हे रकाने भरले,
आज त्यातल्या एकात बसले.
जागा पुरेशी आहे.

संध्याकाळी जिन्यात खांबेटेकाकू परत भेटल्या.
म्हणाल्या, अगं, सांगितलं नाहीस, हातात किती?
मी आकडा सांगितला,
पाच हजारांनी कमी करून.