चाळीस मिली

स्टार्टरच्या दोरीला धरून मशीन अधांतरी टांगलं
तर ते थबकत थबकत खाली यायला हवं,
विहिरीत उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखं, पायरी चाचपत.
मष्णूचं धपकन आलं.

खानापुरात, जांबोटी रोडला माझं दुकान.
पाटीवर कन्नड मोठं, मराठी बारीक,
मध्ये रंगवलेला पाना.
मष्णू म्हणाला, "हलशीच्या अंगाला अकेशियात होतो.
आवाज बारीक झाला नि बसलंच.
ऑईल बरोबर घातलोय, बगा."

चार बोल्ट काढून सिलिंडर उचलला.
चुन्याच्या डबीहून थोडा मोठा पिस्टन.
कार्ब्युरेटरच्या बाजूला ओरखडे असले तर धूळ,
फाटका फिल्टर, सहा महिन्यांचं झिजणं.
ते माणसाचंही होतं, कुणाला विचारायचं नसतं.
ती बाजू स्वच्छ होती.
एक्झॉस्टकडे उभ्या रेघा, वरपासून खालपर्यंत,
ॲल्युमिनियम वितळून भिंतीला लिंपलेलं,
रिंग खाचेत मुकी.
एका टाकीचं काम. कोरडं पेट्रोल.

दारात भरमा, मष्णूचा धाकटा,
यंदाच बापामागं रानात जायला लागलेला.
त्याच्या पिशवीतून ऑईलची बाटली डोकावत होती,
सील न फोडलेली.
बापाची पाठ होती तिकडं.

"काय झालंया?"
"सील गेलं," मी म्हणालो. "क्रँकचं. आत हवा ओढली."
तसंही होतं. दहांत एखाद्याचं.
"उद्यमबागेत बोर मारून मिळंल न्हवं?"
"ह्याला आतनं कल्हई असते. ती गेली की भांडंच गेलं."

किट बसवलं. सीलही बदलावं लागलं,
नाहीतर बिलात काय लिहिणार?
जुनं सील धडधाकट होतं. फळीवर ठेवलं,
अजून तिथंच आहे.

दिवेलागणीला भरमा एकटाच आला, सायकलवर.
बोलला नाही. मीही नाही.
खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण होतं, ते दिलं.
त्यावर शेवटची रेघ दहाची.
"लिटरला चार," मी म्हणालो.
"चार," तो म्हणाला.
मग जाता जाता, "तो पिस्टन?"
"भंगारात."
"द्या की."

दिला. सायकल धरून रस्त्यात उभा राहिला,
अंगठ्याचं नख त्या रेघांवरून
वर नेलं, खाली आणलं,
मागून रामनगरची बस हॉर्न मारत होती.